सांतू भिवा का परतला

सांतू भिवा दुसऱ्याने मारलेली गाठ तशीच राहू देत नसे. ती दोराची असो, पोत्याची असो, की शेजारणीने प्रसाद बांधून दिलेल्या फडक्याची असो. तो ती सोडायचा, दोन्ही टोके नाकाजवळ नेऊन बघायचा आणि पुन्हा आपल्या हाताने मारायचा. माझ्या मुलीच्या लग्नात त्याने मांडवाच्या सगळ्या खांबांच्या गाठी सोडून नव्याने बांधल्या आणि तोवर व्याही उन्हात उभे राहिले. "आयो मास्तर, मांडव पडला तर लोक तुला कायबी बोलणार न्हायत. बांधताना सांतू कुठं गेला व्हता, म्हून इचारतील," असे त्याचे उत्तर. पुढे भटजींनी नवरानवरीच्या पदरांची गाठ मारली, तेव्हा तो गर्दीतून पुढे सरकू लागला. मी त्याचा हात धरून ठेवला.

हा माणूस ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी मी हे लिहीत आहे. आणि ज्यांनी पाहिला असूनही चुकीचे लिहिले, त्यांच्यासाठीही. आमच्या बेटावरच्या मराठी मंडळाच्या यंदाच्या स्मरणिकेत सांतूवर अर्धे पान आले आहे. लिहिणारे चिटणीस तरुण आहेत, सज्जन आहेत, आणि कचेरीच्या जिन्याखेरीज त्यांनी काही चढल्याचे माझ्या ऐकिवात नाही. त्या अर्ध्या पानात तीन विधाने आहेत. सांतू एका फ्रेंच साहेबाकडून डोंगर चढायला शिकला. सांतू स्वभावतःच संशयी होता. आणि वय झाल्यावर एके वर्षी तो पीटर बोथ डोंगराच्या मानेवरून भीतीने परत फिरला, 'तरीही मित्रांनी त्याला समजून घेतले'. पहिले विधान खोटे आहे. दुसरे अर्धवट आहे. तिसऱ्याचा समाचार मी सावकाश घेणार आहे.

साहेबाची गोष्ट आधी निकालात काढतो. ला लोराच्या वस्तीत एक फ्रेंच साहेब डोंगर चढायला आला होता, हे खरे. सांतूने त्याला पाठुंगळी घेऊन खाली आणले, हेही खरे. त्यात शिकवणी कोणाची झाली हे चिटणीसांनी ठरवावे. सांतू डोंगर शिकला तो गाईसाठी चारा कापताना. उसाचे मळे साहेबांचे, रस्त्याच्या कडेचे गवत साहेबांच्या घोड्यांचे. आमच्या गुरांना उरे ते डोंगराच्या उतारावरचे. मोक्याहून मी जायचो, ला लोराहून तो यायचा, आणि गवताचा भारा पाठीवर घेऊन निसरड्या कड्यावरून उतरण्यात आमचे बालपण गेले. त्याचा बाप अलोच्या, म्हणजे घायपाताच्या, पानांतून वाख काढण्याच्या गिरणीत होता. त्यामुळे दोर कशाने तुटतो, कुठे झिजतो आणि कोणती गाठ ओझ्याखाली सरकते, हे त्याला अक्षरओळख होण्यापूर्वी कळत होते. अक्षरओळख पुढेही फारशी झाली नाही. मी मराठीचा शिक्षक झालो, तो बंदरावर साखरेची पोती जहाजात चढवण्याच्या दोरखंडांवर कामाला लागला.

आमच्यातला तिसरा रोलाँ. मोक्याचा गवंडी, क्रिओल, अंगाने दांडगा, आणि सांतूच्या नेमका उलट. रोलाँ सगळ्यांवर विश्वास ठेवी. कोणी म्हणाले पाऊस येणार नाही, की हा छत्री घरी ठेवी. त्याच्याशी आम्ही बेटावरच्या बोलीत, क्रिओलमध्ये, बोलत असू. मराठी त्याला कळे, पण बोलताना शिव्यांपलीकडे जात नसे, आणि त्या मात्र स्वच्छ उच्चारी. इथे मी त्याचे बोलणे मराठीत देतो आहे.

आम्हा तिघांचा एक नेम होता. गणपती विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी पीटर बोथ चढायचा. ज्यांनी हा डोंगर पाहिला नाही त्यांना एवढेच सांगतो, की उभ्या सुळक्याच्या टोकावर एक अजस्र दगड डोक्यासारखा बसला आहे आणि तो खालच्या सुळक्यापेक्षा रुंद आहे. डोके आणि सुळका यांच्यामध्ये एक अरुंद जागा आहे, तिला आम्ही मान म्हणत असू. मानेपासून डोक्यावर जायला खडकात जुन्या लोखंडी कड्या ठोकलेल्या आहेत. पहिला माणूस त्या धरून वर जाई आणि माथ्यावरच्या मोठ्या कडीला दोर बांधी. दुसरा त्या दोरावर भार टाकून चढे. म्हणजे माथ्यावरची गाठ हाच त्याचा जीव. उतरताना तोच दोर कडीतून दुहेरी करून खाली सोडावा लागे. तिसरा मानेवर थांबून दोर सांभाळी आणि त्या वर्षी माथ्याला पाय लावीत नसे. थांबण्याची पाळी दर वर्षी बदले, आणि ज्याची पाळी येणार त्याच्या घरी दोर वर्षभर राही. हा नियम सांतूचा. "ज्यानं दोर धरायचा, त्यानं दोराशी संसार कराया पायजे," तो म्हणे. त्याची बायको पारबती यावर म्हणे, "करा, करा. तो तरी तुमचं ऐकून घेईल."

सत्तरच्या दशकात आम्ही पन्नाशी ओलांडली, तरी नेम मोडला नाही. सांतूचा संशय मात्र वाढत गेला. बसमध्ये चढताना ती खरोखर नूव्हेल देकूव्हेर्तला जाते का, हे तो आधी वाहकाला विचारी आणि मग चालकाला वेगळे गाठून विचारी. रोलाँने आणलेला सार्डिनचा डबा उघडण्यापूर्वी तो उलटा करून, ठोकून, कानाशी धरी. "त्यात काय बोलतंय का?" रोलाँ विचारी. "बोललं तर खानार न्हाय," सांतू म्हणे. रेडिओवर आकाश निरभ्र राहील असे सांगितले की तो हमखास कांबळे घेई. आणि चढणीला लागण्यापूर्वी आम्हा दोघांच्या कमरेला बांधलेल्या दोराच्या गाठी सोडून पुन्हा मारी. माझी गाठ सोडताना तर त्याला विशेष चेव येई. "ही गाठ पुस्तकातली हाय. पुस्तकाला खाली पडायचं भ्या नसतं, मास्तर." मी शिक्षक असल्याचा त्याला मत्सर आहे, अशी माझी पक्की समजूत होती. ती मी चारचौघांत बोलूनही दाखवीत असे.

ऐंशी सालची हकीकत नीट ध्यानात ठेवावी. त्या वर्षी दोर धरून मानेवर थांबण्याची पाळी रोलाँची होती. मी पहिला चढलो, माथ्यावरच्या कडीला दोर बांधला आणि सांतूला हाक दिली. तो दोरावर भार टाकून वर आला. वर येताच त्याने पायांखालचा समुद्र पाहिला नाही, मोक्याकडच्या मळ्यांकडे पाहिले नाही. तो थेट कडीजवळ गुडघे टेकून बसला. बराच वेळ बसला. मी म्हणालो, "काय रे, दर्शन घेतोस काय?" तो म्हणाला, "तुजी गाठ न्हाय पटत." ती सोडून त्याने पुन्हा मारली. मारताना त्याचे हात कापत होते. हे मी स्वतः पाहिले, आणि मनात म्हटले, सांतू म्हातारा झाला.

पुढच्या वर्षी थांबण्याची पाळी त्याची होती, म्हणून दोर वर्षभर त्याच्या घरी होता. आम्ही पहाटे निघालो, ऊन तापण्यापूर्वी मानेवर पोहोचलो. सांतूने पोत्यातून दोर काढला, आणि तो चार वाव, म्हणजे वीस-पंचवीस फूट, कमी भरला. मी दोनदा हातांनी मोजला. टोक ताजे कापलेले होते, धागे अजून पांढरे होते.

"हे काय आहे?" मी विचारले.

"दोर हाय."

"चार वाव कुठे गेले?"

"कमी हाय खरा. दुहेरी केला तर खाली पोचनार न्हाय. आज जमनार न्हाय, मास्तर. चला उतरू."

"दोर तुझ्या घरी होता. कापला कोणी?"

तो दोराची वेटोळी करत राहिला. रोलाँ एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत होता. मी म्हणालो, "तू कापलास. गेल्या वर्षीच मी तुझे हात कापताना पाहिले. तुला भीती वाटते, आणि ते कबूल करायची लाज वाटते, म्हणून आम्हा दोघांची वाट अडवलीस."

सांतूने मान वर केली. "आसंल," तो म्हणाला.

एवढेच. पन्नास वर्षांच्या मैत्रीनंतर एका माणसाने मला दिलेले उत्तर इतकेच होते, आणि त्याने मी पेटून गेलो. त्याने भांडावे, शिव्या द्याव्यात, निदान खोटे बोलावे, अशी माझी अपेक्षा होती. बसमध्ये तो पुढे एकटा बसला. त्याच आठवड्यात मंडळाच्या बैठकीत कोणी तरी डोंगराचा विषय काढला, आणि मी भरल्या सभेत म्हणालो, "आमचा सांतू पीटर बोथच्या मानेवरून घाबरून परतला." लोक हसले. मला बरे वाटले. स्मरणिकेतले ते वाक्य चिटणीसांनी शोधून काढलेले नाही. ते माझे आहे, शब्दही जवळजवळ तेच आहेत.

त्यानंतर आमचे बोलणे थांबले. नवा दोर आणून आम्ही दोघे जाऊ शकलो असतो. पण रोलाँ दर वर्षी काही ना काही कारण सांगे, आणि मी रोलाँवरही संशय घेऊ लागलो. हे दोघे मिळालेले आहेत, असे मला वाटे. पाच वर्षांत सांतू मला एकदाच समोरासमोर भेटला, सांत्र द फ्लाकच्या बाजारात. मी वांगी घेत होतो. तो त्याच टोपलीपाशी आला, मला पाहिले, आणि वांगेवालीला म्हणाला, "ह्या मास्तराला चांगली दे ग बाय. त्याला निवडाया येत न्हाय." मी वांगी तिथेच टाकून बस धरली. घरी गेल्यावर बायको म्हणाली, "भाजी कुठे?" मी म्हणालो, "महाग होती."

शहाऐंशी साली रोलाँ मुलाकडे ऑस्ट्रेलियाला कायमचा निघाला. निघण्याच्या आधी तो माझ्या ओसरीवर येऊन बसला. चहा घेतला नाही. म्हणाला, "प्रोफेसेर, सांतूचा पाय कापला. साखरेच्या आजारानं. तो आता पेती राफ्रेला लेकीकडे असतो. मी त्याला न सांगण्याचं वचन दिलं होतं, पण मी आता परत येणार नाही, तेव्हा सांगून जातो. दोर त्यानंच कापला."

"ते मला ठाऊक आहे."

"तुला काही ठाऊक नाही," रोलाँ म्हणाला. तो माझ्याशी असा कधी बोलला नव्हता. "तू माथ्यावर मारलेली गाठ सुटत होती. ऐंशी साली. तो वर पोचला तेव्हा शेवटचा पेच उरला नव्हता, नुसता वळसा राहिला होता. त्याच गाठीवर लटकत तो वर आला होता. आणि ते पहिल्यांदा नव्हतं. तुझ्या कमरेची गाठ तो कितीतरी वर्षं दुरुस्त करत होता. तू शेवटचा पेच विसरायचास. पुढच्या वर्षी तो खाली मानेवर थांबणार, तू वर गाठ मारणार, आणि त्या गाठीवर कोण चढणार? मी. मी काय तपासणार, प्रोफेसेर? मी कधी काही तपासलंय?"

"मग मला सांगायचे होते."

"मी पण त्याला हेच म्हणालो. तो म्हणाला, मास्तराला सांगितलं तर दुसऱ्या दिवशी एकटा वर जाईल, सिद्ध करायला."

रोलाँ गेला. मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. निरोप घेताना माणसे गोड खोटे बोलतात, आणि रोलाँ भांडणे मिटवण्यासाठी काहीही बोलला असता. म्हणून मी मागच्या अंगणात गेलो, कपडे वाळत घालायची दोरी सोडली आणि पेरूच्या झाडाला ती गाठ मारली, जी मी तीस वर्षे मारीत आलो होतो. मारायची, सगळ्या अंगाने ओढायची, सोडायची. दहा वेळा मारली. तीन वेळा ती माझ्या हातात निघून आली. प्रत्येक वेळी मारताना मला वाटत होते की मी सगळे नीट केले आहे. बायको दारात उभी राहून पाहत होती. ओले कपडे तिच्या हातावरच होते.

पेती राफ्रेला मी दुसऱ्या दिवशी गेलो. सांतू पडवीत खाटेवर होता, एका पायावर पांघरूण सपाट पडलेले. मला पाहून त्याने उशी नीट केली.

"पाय कसा आहे?" मी मूर्खासारखे विचारले.

"डाक्टरानं नेला. पुरला म्हनतात. खरंच पुरला का कुठं टाकला, कोन बघाया गेलंय?"

"सांतू, दोर का कापलास ते मला कळले."

त्याचे डोळे बारीक झाले. "कोन बोलला? रोलाँ? तो जाताना समद्यांची भांडनं मिटवत सुटलाय. पाद्रीनं सांगितलं आसंल त्याला. त्याचं काय खरं धरू नकोस."

"मी घरी गाठ मारून पाहिली. दहा वेळा मारली. तीन वेळा सुटली."

पडवीच्या टोकाला त्याची लेक तांदूळ निवडत होती, तिचे हात थांबले.

"तीनच?" सांतू म्हणाला. "मंग सुधारलास."

मला हसू आले, आणि त्याच वेळी माझ्याने खाली बसवेना की उभे राहवेना. मी म्हणालो, "मी तुला भित्रा म्हणालो. सगळ्या सभेत. आता त्याच सभेत उभा राहून खरे सांगतो."

"नको, मास्तर."

"का नको? तुझे नाव खराब झाले आहे."

"भ्यालो व्हतो, त्यात खोटं काय हाय? तू वर, म्या खाली, आन मधी रोलाँ तुज्या गाठीवर लोंबकळतोय. लई भ्यालो व्हतो." मग नेहमीच्या खोचक आवाजात, "आन तू सभेत सांगनार, म्हंजी आधी कागदावर लिवनार. तुज्या गाठीवानी. शेवटाला काय तरी इसरशील."

तो कार्तिकात गेला. पेती राफ्रेलाच गेला. मी अंत्ययात्रेत होतो. बाराव्यानंतर मंडळाने शोकसभा घेतली, तेव्हा मी उभा राहिलो. कागद नेला नव्हता. ऐंशी साल, एक्क्याऐंशी साल, माथ्यावरची गाठ, अंगणातली दोरी, सगळे ओळीने सांगितले, आणि सांतूला भित्रा ठरवणारा मी आहे, हेही सांगितले. सभा शांतपणे ऐकत होती. शेवटी चिटणीसांनी आभार मानताना माझा गौरव केला. मृत मित्राचा दोष स्वतःच्या डोक्यावर घेण्याइतके मन मोठे असणारी जुनी पिढी आता दुर्मिळ झाली, असे ते म्हणाले, आणि टाळ्या झाल्या. मी पुन्हा उठलो. अध्यक्षांनी प्रेमाने माझा दंड धरला आणि मला खाली बसवले. चहाच्या वेळी मी चिटणीसांना कोपऱ्यात गाठून म्हणालो, की मी औदार्य दाखवलेले नाही, घडले ते सांगितले. तेव्हा त्यांनी माझ्या हातात बिस्किटाची बशी दिली आणि अतिशय आदराने विचारले, "पण मास्तर, याला काही पुरावा आहे का?"

पुरावा नाही. दोर कोणी जपून ठेवला नाही, रोलाँ समुद्रापलीकडे आहे, सांतू जळून गेला. माझे हात आहेत, ते कोणाला तपासायचे असतील तर मी मोक्याला घरीच असतो. पण एक्क्याऐंशी साली मी भर सभेत सांतू भिवाला भित्रा म्हटले, तेव्हा मला एकानेही पुरावा मागितला नव्हता.